उत्तरेकडचं फाटक

जेरल्डटन
९ ऑक्टोबर

प्रिय ऊना मावशी,

सुखरूप पोचले. काल गाडी धुतली तर तुझ्या गुरांच्या रानाची लाल माती ओहोळासारखी अंगणातून वाहिली. शेजारची बाई कुंपणावरून विचारते, "काय गं, कुणाला मारून आलीस?"

तू घातलेल्या अटी पाळल्या आहेत. एकही खड्डा उघडा ठेवला नाही. आल्बी माझी टर उडवतो ते तू ऐकलंसच: "ही बाई खड्डे बुजवत नाही, पुरून वर प्रार्थना म्हणते." पण खड्ड्यात गाईचा पाय मोडला तर, या विचाराने मला झोप लागत नाही. धातू शोधणाऱ्या डिटेक्टरने वाजवून दाखवलेला प्रत्येक गंजका खिळा, काडतूस, माशांच्या डब्याचं झाकण मी पिशवीत भरून परत आणलंय. पिशवी अजून गॅरेजात पडली आहे.

आता बातमी. शेवटच्या संध्याकाळी मला सोनं सापडलं. अंगठ्याच्या पेराएवढं, एका बाजूने चपटं, तुकड्यात पांढऱ्या गारगोटीची रेघ. आठ वर्षं मी सुट्ट्यांमध्ये येते, हेडफोन लावून मैलोन् मैल तबकडी फिरवते आणि खिळे गोळा करते. या वेळी आवाज वेगळाच होता, जमिनीखाली कुणी तोंड मिटून गुणगुणावं तसा. सकाळी निघताना सांगणार होते, पण तू गुरांच्या ट्रकवाल्याशी भांडत होतीस आणि आल्बी शेजारीच उभा होता. ज्याने शिकवलं त्याच्यासमोर खिशातून ते काढायला मला जड गेलं.

कुठे, असं विचारशील. जुन्या छावणीमागच्या ओढ्यात, दगडांच्या ढिगापाशी. उत्तरेच्या वाटेला या खेपेस मी गेलेच नाही.

तुझ्या हातच्या खारवलेल्या मांसाची आठवण काढत पावाला शेंगदाण्याचं लोणी लावून खाते आहे. आल्बीला नमस्कार सांग. बातमी सांगायची की नाही ते तू ठरव.

तुझी,
मेरिन


बुलारू
२० ऑक्टोबर

मेरिन,

टपालाची गाडी आठवड्यातून एकदा येते, आणि तो पोरगा आला की आधी पाणी मागतो, मग पत्रं देतो. तुझं पत्र हातात पडलं तेव्हा त्यावर त्याच्या बोटांचे ठसे होते.

'ओढ्यात' म्हणे. तुझे काका चाळीस वर्षं ओढ्यातच सोनं शोधून आणायचे, आणि त्यांच्या बुटांना ओढ्याची वाळू कधी लागली नाही. जागेबद्दल खोटं बोलणं याला इथे कुणी खोटं म्हणत नाही. मी विचारलं नव्हतं आणि विचारणार नाही. मिळालं ना, झालं.

आल्बीला सांगितलं. सांगायला नको होतं. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मग म्हणतो, "यंत्र कसं धरायचं ते मी शिकवलं, कुठून फिरलो त्याची रेघ राहावी म्हणून साखळी ओढत चालायचं मी शिकवलं, आणि सोनं तिला." मी म्हटलं, "तिला शाळेतल्या पोरांचं ऐकायची सवय आहे, तुला फक्त स्वतःचं." तेव्हापासून रोज सकाळी चहा न घेता गाडी काढतो. कुठे जातोस विचारलं तर म्हणतो, ओढ्यात.

उन्हाळा यंदा ऑक्टोबरातच लागला. पण जून-जुलैच्या हिवाळ्यात पाऊस बरा झाला होता, उत्तरेकडची उथळ तळी टिकलेली दिसतात, आणि मधल्या पवनचक्कीची गुरांच्या पाण्याची डोण काठोकाठ भरलेली आहे. गाडीतूनच बघते आणि पुढे जाते. इतकी भरलेली डोण मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. जीव सुखावतो.

तुकड्याचा फोटो पाठव. आल्बीला दाखवणार नाही.

तुझी मावशी


बुलारू
१२ नोव्हेंबर

मेरिन,

फोटो मिळाला. सगळ्या शाळेसमोर तो तुकडा हातात धरून उभी आहेस आणि हेडमास्तर तुझ्याहून जास्त हसताहेत. हे पत्र त्याबद्दल नाही.

उत्तरेकडचं फाटक कुणीतरी लावलं. तुला ते फाटक माहीत आहे, तीन काठ्या आणि काटेरी तार. उत्तरेची पवनचक्की मोडल्यापासून ते वाटेच्या कडेला जमिनीवर पडलेलं असतं, म्हणजे तिकडची गुरं त्यातून इकडे येऊन मधल्या डोणीवर पाणी पितात. तळ्यांत पाणी होतं तोवर त्यांना कळलं नाही. तळी आटली तशी ती सगळी फाटकाशी आली. तिथून डोण दिसते. वाऱ्यावर पाण्याचा वासही येत असणार.

मी पोचले तेव्हा बहुतेक गाई पडलेल्या होत्या, कुंपणाच्या कडेकडेने, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. मोजल्या नाहीत. मोजून काय करू. ज्या उभ्या होत्या पण वाचणार नव्हत्या त्यांना मीच गोळी घातली. काडतुसं संपली तेव्हा आल्बी घरून घेऊन आला. त्याची गाडी थांबली आणि मला तिच्या टायरच्या खुणा दिसल्या, मागचा डावा गुळगुळीत आहे ना, तो. तशाच खुणा, जुन्या, फाटकापर्यंत आलेल्या आणि तिथून वळलेल्या.

मी विचारलं. तो म्हणाला, "फाटकाला मी हात लावला नाही."

"मग इकडे काय करत होतास? इकडे तुझं काय काम?"

गप्प. हा माणूस झोपेतही गप्प नसतो. मी म्हटलं, काडतुसं ठेव आणि सामान बांध.

तुझे डेस काका गेल्यापासून तो ओढ्याकाठच्या पत्र्याच्या खोलीत राहतोय. सामान बांधायला त्याला अर्धा दिवसही लागला नाही.

मावशी


जेरल्डटन
१९ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

तुझं पत्र वाचून सुन्न झाले. तू एकटी, हातात बंदूक, ते चित्र डोळ्यांसमोरून हलत नाही. शाळेत शिकवताना मध्येच थांबते, पोरं एकमेकांकडे बघतात.

पण मावशी, तुला पक्की खात्री आहे का? जोराचा वारा झाला असेल, एखादी गाय तारेत अडकून तिने ओढत नेलं असेल. रस्त्याने येणारे-जाणारे परके लोकही असतात. आणि आल्बीनेच केलं असलं तरी मुद्दाम केलं नसेल. त्याचं वय झालंय, विसरला असेल. माणसाचं लक्ष एका गोष्टीत असलं की दुसरी राहून जाते. तू मोठ्या मनाची आहेस. जमलं तर त्याला माफ कर. त्याला दुसरं घर नाही.

काही मदत हवी असेल तर कळव. मी येऊ का?

तुझी,
मेरिन


बुलारू
१ डिसेंबर

मेरिन,

वाऱ्याने फाटक पडतं, लागत नाही. काठी वरच्या आणि खालच्या तारेच्या फासात बसवावी लागते, त्याला दोन हात लागतात आणि जोर लागतो. तुला हे ठाऊक आहे. त्याची बाजू घ्यायची म्हणून तू काहीही लिहिते आहेस हे मला कळतं. तो तुझ्याबद्दल इतकं वेडंवाकडं बोलला, तरीही तू त्याच्यासाठी रदबदली करतेस. तुझी आई अशीच होती.

माझंही मन थाऱ्यावर नाही. तो मीकथाराला, दारूच्या दुकानामागच्या तळावर एका भाड्याच्या कॅरव्हॅनमध्ये, चाकांवरच्या खोलीत राहतोय. खोकला वाढलाय म्हणे. बाकीच्या रानवाल्यांनी बातमी ऐकली आहे. फाटकाच्या बाबतीत ज्याचा भरवसा नाही त्याला कुणी आत घेत नाही, मीही घेतलं नसतं. टपालवाला पोरगा सांगत होता, आल्बीने डिटेक्टर विकायला काढलाय. एक वेळ दात विकेल असं मी म्हटलं असतं, पण यंत्र नाही.

म्हणून एक काम कर. हिवाळ्यापासून इथे जे जे येऊन गेले त्या सगळ्यांना मी विचारते आहे. रस्ता सपाट करणाऱ्या ग्रेडरवाल्याला विचारलं, ट्रकवाल्याला विचारलं. आता तूच उरलीस. तू उत्तरेला गेली नव्हतीस हे मला माहीत आहे, तरी तुझ्या हातचं लिहिलेलं असू दे: त्या फाटकाशी तू गेली होतीस का? 'नाही' एवढं लिही. मी त्याला नेऊन दाखवीन, की बघ, सगळ्यांना विचारलं, तुझ्यावर आकस नव्हता. म्हणजे मलाही झोप लागेल.

मावशी


जेरल्डटन
९ डिसेंबर

मावशी,

हो.

फाटक मी लावलं.

कसं ते लिहिते, कारण तू विचारशील, आणि कारण मलाही ते ओळीने एकदा लिहून बघायचं आहे. शेवटच्या दिवशी मी उत्तरेच्या वाटेने गेले. ग्रेडरने खरवडून कडेला टाकलेली माती कुणी तपासत नाही, असं आल्बीच एकदा बोलता बोलता म्हणाला होता. फाटकापाशी त्या मातीची रास होती आणि फाटक नेमकं तिच्यावर पसरलेलं होतं. तबकडी जवळ नेली की तारेमुळे यंत्र किंचाळायचं, दुसरं काही ऐकूच येईना. म्हणून ते उचललं, वाटेपलीकडे नेलं आणि खांबाला अडकवलं. अडकवताना तळव्याला ओरखडा आला. परत खाली टाकायचं आहे, असं स्वतःला मोठ्याने म्हटलंही होतं.

मग तो आवाज आला. मी खणलं. तुकडा जिभेने चाटून साफ केला. खड्डा बुजवला, पायाने दाबला, झुडपाची फांदी घेऊन वरून झाडून काढला, कुणाला जागा कळू नये म्हणून. यंत्र गुंडाळलं आणि गाडीत गाणं म्हणत परत आले. गाडी फाटकाच्या अलीकडे, घराकडच्या बाजूलाच उभी होती, त्यामुळे फाटकातून जावं लागलं नाही. जावं लागलं असतं तर आठवलं असतं. खड्डा बुजवायची आठवण राहिली, मावशी, फाटकाची नाही.

यापुढचं लिहिणं जास्त अवघड आहे. तुझं नोव्हेंबरचं पत्र मी शाळेच्या पायरीवर उभी राहून वाचलं आणि 'कुणीतरी लावलं' या शब्दांपाशीच मला कळलं. शंका आली असं नाही. कळलं. तरीही घरी येऊन वाऱ्याबद्दल लिहिलं, गाईबद्दल लिहिलं. आणि मग आल्बीला माफ कर असं लिहिलं. ते वाक्य लिहिताना मला बरं वाटत होतं हे सर्वात वाईट. आपण चांगुलपणा करतो आहोत असं वाटत होतं. त्यावर तू माझ्या आईचं नाव घेतलंस, तेव्हा मी पत्र उलटं करून टेबलावर ठेवलं आणि दोन दिवस त्या खोलीत जेवले नाही.

उत्तरेला गेले नाही हे आधीच लिहून टाकलं होतं, जागा लपवायला. त्या वेळी ते तुमच्या रीतीतलं खोटं होतं. नंतर ते कधी दुसरं झालं, मी सांगू शकत नाही, पण मला ते फार सोयीचं पडलं.

स्वतःलाच विचारते आहे की तू 'नाही' लिहायला सांगितलं नसतंस तर मी हे लिहिलं असतं का. मला वाटतं, नसतं. तो कागद तू त्याच्यासमोर धरणार होतीस, तेवढं मला झेपलं नाही.

आल्बीला हे पत्र दाखव. रानवाल्यांना माझं नाव सांग. तुकडा सोबत पाठवते आहे, चहाच्या डब्यात कापूस घालून. तो माझा नाही.

मेरिन


बुलारू
६ फेब्रुवारी

मेरिन,

तुझं पत्र नाताळाच्या आधी मिळालं. उत्तर द्यायला उशीर झाला, तो मुद्दाम केला. डिसेंबरात लिहिलं असतं तर दोन ओळींत आटोपलं असतं, आणि त्या ओळी तू जन्मभर जपून ठेवल्या असत्यास.

पत्र मी मीकथाराला घेऊन गेले. आल्बी कॅरव्हॅनच्या पायरीवर बसून डाळिंब्यांचा डबा चमच्याने खात होता. मी वाचून दाखवलं, पूर्ण, फांदीने झाडल्यापर्यंत आणि पुढचंही. तो म्हणाला, "मला माहीत होतं."

मला वाटलं, घ्या, आता हा संत निघणार. तसं काही नव्हतं. तो तुझ्या मागावर होता. तुझा फोटो मी दाखवला नाही, पण बातमी ऐकल्यापासून तू ओढलेल्या साखळीची रेघ शोधत तो रोज फिरत होता, आणि एक दिवस फाटकापाशी पोचला. म्हणे, सगळ्या रानात एवढीच जागा विंचरलेली होती. तुझ्या जागेवर त्याने दोन दिवस खणलं. एक खिळा मिळाला.

मी म्हटलं, "आणि फाटक?"

"लागलेलं होतं. मला वाटलं तूच लावलंस. लागलेलं दिसलं, लागलेलं ठेवलं. नियम तुझाच आहे, फाटक दिसेल तसं ठेवायचं."

"मग त्या दिवशी तोंडात काय धरलं होतंस?"

"काय सांगू? शिकवलेल्या पोरीच्या जागेवर चोरून खणत होतो, हे सांगू? आणि ती तिथे होती म्हणून सांगितलं तर मी कसा तिथे, ते पण आलंच की."

मग डबा खाली ठेवून खोकत बसला. आम्हा दोघांनाही एकमेकांच्या डोळ्याला डोळा देववेना.

कारण आता माझं ऐक. ती डोण काठोकाठ भरलेली होती आणि मी खूश होत होते. चाळीस वर्षं गुरं पाळली. भर उन्हात भरलेली डोण म्हणजे काय, तर कुणी पाणी प्यायला येत नाही. हे शिकाऊ पोराला कळलं असतं. मी गाडीतून न उतरता बघत होते, कारण उतरलं की गुडघा दुखतो. तुला पत्रात लिहिलंसुद्धा, जीव सुखावतो म्हणून. ते पत्र जपून ठेवलं असशील तर फाडून टाक.

आल्बी परत आलाय. तुझ्या पत्रामुळे नाही. मी त्याची माफी मागितली म्हणून, आणि ती त्याने दोनदा मागायला लावली, पहिल्यांदा ऐकू आली नाही म्हणाला. रानवाल्यांना मी तुझं नाव सांगितलं आहे. पुढच्या हिवाळ्यात त्यांच्यापैकी कुणी तुला आपल्या रानात घेणार नाही. ते तसंच असायला हवं.

तुकडा परत पाठवते. मला त्याचं काही करता येणार नाही. तू तो माझ्या टेबलावर टाकून मोकळी होणार असशील तर तसं होणार नाही.

माफ केलं असं लिहायला तीनदा बसले. अजून तसं झालेलं नाही. झालं की कळवीन.

एप्रिलच्या सुट्टीत ये. कुंपणाकडची हाडं ओढून एका जागी करायची आहेत. आम्ही दोघं म्हातारे आहोत, आमच्याने होत नाही.

ऊना ट्रेगिअर


जेरल्डटन
३ मार्च

ऊना मावशी,

येते. यंत्र आणत नाही. जाड हातमोजे आणि लांब साखळी आणते, गाडीला बांधायची.

तुकडा मिळाला. स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला आहे, भांडी घासताना समोर येईल असा. हेडमास्तरांनी पालकांच्या दिवसासाठी तो पुन्हा मागितला. मी नाही म्हटलं आणि का ते सांगितलं. ते म्हणाले, "अहो, माणसं तर नाही ना गेली. गाईच ना." मी वर्गात जाऊन आफ्रिकेतल्या नद्या शिकवल्या.

तुझं पत्र फाडलं नाही. माझं तू फाडलंस का, हे विचारत नाही.

मेरिन


(मोठ्या रस्त्यावरच्या फाटकाला तारेने अडकवलेली चिठ्ठी, १४ एप्रिल)

मेरिन,

मी आणि आल्बी मधल्या डोणीवर आहोत. मी आता प्रत्येक डोणीपाशी गाडीतून उतरते, म्हणून वेळ लागतो. चहाचा डबा चुलीशेजारी आहे, केक कपाटात. आल्बीला केक मोजून ठेवायची सवय लागली आहे, तिकडे लक्ष देऊ नकोस. तो तुझ्याशी बोलेल की नाही ते मला माहीत नाही. सकाळी दाढी केली आहे त्याने.

हे फाटक तुला उघडं दिसेल. उघडंच ठेव. आम्ही ट्रेलरमध्ये वासरू घेऊन येतोय, मला उतरून चढून त्रास होतो.

तू सवयीने लावशील, किंवा लावणार नाहीस आणि घरापर्यंत गेल्यावर तुला वाटेल की लावलं. वाटलं तर परत ये आणि बघ. कितीदाही ये. दोन मैल आहेत, पेट्रोल माझ्या टाकीतलं घे. इथे कुणी हसणार नाही.

मावशी